जुनी जीप-पिकअप : घरची दुरुस्ती आणि बदल



एरवी मी तुमच्याशी बियाणं, खत, करपा आणि फुलकिडे यांविषयी बोलतो. तेव्हा आज हा कृषी खात्याचा माणूस जीपवर काय बोलणार, असं काहींना वाटेल. पण शेतातला माल बाजारात पोचवणं हेही शेतीचंच काम आहे. गावोगाव फिरताना मी पाहतो, की अनेकांच्या दारात वीस-पंचवीस वर्षांची जुनी जीप-पिकअप उभी असते. नवी गाडी परवडत नाही म्हणून ती कुणाकडून तरी घेतलेली असते. दर वेळी मिस्त्रीकडे नेणं परवडत नाही म्हणून तिची दुरुस्ती अंगणात, लिंबाखाली होते. यात वाईट काहीच नाही. जीप ही मुळातच साधी गाडी आहे. चार पाने, एक हातोडा, एक ग्रीसपंप आणि थोडा धीर असला की तिची निम्मी कामं घरी होतात. मात्र कुठली कामं घरी करावीत, ती कुठल्या क्रमानं करावीत आणि गाडीत कुठला बदल करूच नये, एवढं आज बोलायचं आहे.

आधी माझ्या घरचीच गोष्ट सांगतो. 2011 साली मी बी.एस्सी. कृषीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमचं गाव संगमनेर तालुक्यातल्या पठार भागातलं. कांदा संगमनेरच्या बाजारात न्यायचा तर चंदनपुरी घाट उतरून जावं लागतं. थोरल्या दादांनी एक जुनी जीप-पिकअप घेतली होती. एका खेपेत जास्त पोती बसावीत म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघांनी मिळून मागच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे वाढवले आणि हौद्याला लोखंडी अँगलचा फाळका उंच करून घेतला. पाटे बसवताना मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला मला ओल दिसली. मी दादांना म्हणालो, "इथं काहीतरी झिरपतंय." दादा म्हणाले, "हाऊसिंगचं ऑइल असेल, पुढच्या खेपेला बघू." मीही गप्प बसलो, कारण आम्हाला दोघांनाही पाट्यांचीच घाई होती.

ते हाऊसिंगचं ऑइल नव्हतं. तो ब्रेक होता. बावीस पोती कांदा घेऊन दादा घाट उतरत असताना तिसऱ्या वळणाआधी ब्रेकचं पॅडल पार फळीपर्यंत गेलं. दादांनी शर्थीनं गिअर खाली घेतला आणि गाडी दरडीच्या बाजूला घासून थांबवली. दादा बचावले. शेजारी बसलेल्या चुलत भावाची मांडी मोडली आणि तो आठ महिने घरी बसला. कांद्याचं काय झालं ते सांगत नाही. मी त्या दिवशी तिथं नव्हतो, पण ती ओल मी पाहिली होती. म्हणून आज हा विषय मी मागून घेतला आहे.

तर बंधूंनो, जुन्या गाडीच्या कामाचा क्रम असा धरा. आधी ब्रेक, मग स्टिअरिंग, मग इंजिन, आणि रंगरंगोटी, हौदा, पाटे हे सगळं शेवटी. आपण नेमकं उलटं करतो. गाडी आणली की पहिल्या आठवड्यात हॉर्न आणि मागचं चित्र होतं, आणि ब्रेकची पाळी दोन वर्षांनी येते.

जॅक लावण्यापूर्वी

गाडीखाली जाण्याआधी एक गोष्ट नीट ऐका, कारण ती फार जणांना ठाऊक नसते. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकाच्या ड्रमला नसतो. गिअरबॉक्सच्या मागे, मागच्या शाफ्टच्या तोंडाशी एक छोटा ड्रम असतो, त्याला तो धरतो. चारही चाकं जमिनीवर असताना तो काम देतो. पण मागचं एक चाक जॅकवर उचललं की ते चाक मोकळं होतं. मग शाफ्ट घट्ट धरलेला असला तरी डिफरन्शियलमुळे जमिनीवरचं चाक एका दिशेला आणि उचललेलं चाक उलट दिशेला फिरू शकतं. म्हणजे हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी चालू लागते आणि जॅकवरून घसरते. गाडी गिअरमध्ये ठेवली तरी हेच होतं, कारण गिअरही शाफ्टच धरतो. आपल्या गाडीचा हँडब्रेक शाफ्टवर आहे की मागच्या चाकांत, हे एकदा खाली वाकून पाहून ठेवा.

म्हणून काम सपाट, टणक जागीच करा. नांगरटीत किंवा उतारावर नको. जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना पुढून आणि मागून असे दोन्हीकडून मोठे दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. गाडी उचलली की एक्सलखाली जाड सागवानी किंवा बाभळीचे ठोकळे आडवे-उभे रचून ठेवा आणि गाडी त्यांच्यावर टेकवा. विटा नकोत, सिमेंटचे पोकळ ठोकळेही नकोत. ते कोणतीही सूचना न देता फुटतात. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो, गाडी धरून ठेवण्यासाठी नाही. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोकं घालू नका, पोराला तर मुळीच पाठवू नका.

आणखी एक. बऱ्याच जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. बोल्टच्या टोकावर इंग्रजी 'एल' अक्षर कोरलेलं असतं. हे माहीत नसलं की माणूस पान्यावर उभा राहतो, उड्या मारतो, आणि बोल्टच तोडतो. आमच्या घरी असे दोन बोल्ट तुटले आहेत.

ब्रेक

जुन्या जीपमध्ये चारही चाकांच्या ब्रेकला मिळून एकच मास्टर सिलिंडर आणि एकच वाट असते. नव्या गाड्यांत दोन वाटा असतात, एक फुटली तरी दुसरी निम्मा ब्रेक देते. आपल्या जुन्या गाडीत कुठंही एका ठिकाणी पाइप फुटला किंवा एका चाकाचं रबर गेलं, की चारही चाकांचा ब्रेक जातो. शेतातल्या ठिबकसारखंच आहे हे. मेन लाइन फुटली की शेवटच्या झाडापर्यंत कुठंच पाणी जात नाही.

दर खेपेला निघण्यापूर्वी पॅडल दाबून एक मिनिट तसंच धरून ठेवा. पॅडल हळूहळू खाली जात असेल तर कुठंतरी गळती आहे, किंवा मास्टर सिलिंडरचं रबर खराब झालंय. दोन-तीनदा पंप मारल्यावरच ब्रेक लागत असेल, तर शू झिजून ड्रमपासून लांब गेलेत किंवा पाइपात हवा आहे. यातलं काहीही असलं तरी माल भरू नका.

चाकाच्या आतून ओल दिसली तर बोटावर घेऊन पाहा. हाऊसिंगचं ऑइल, म्हणजे नव्वद नंबरचं, दाट असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास असतो. ब्रेक ऑइल पातळ असतं आणि ते रंगावर पडलं तर रंग सोलतं. ओल दोन्हींपैकी कशाचीही असो, ड्रम उघडावाच लागतो, कारण लायनरला ऑइल लागलं की ते चाक ब्रेक धरत नाही आणि गाडी एका बाजूला ओढते. ऑइल प्यायलेला लायनर पेट्रोलनं धुऊन किंवा जाळून पुन्हा बसवतात, ते करू नका. शू बदला, आणि एकाच चाकाचे नाही तर त्या एक्सलच्या दोन्ही चाकांचे बदला. ड्रममधली काळी धूळ तोंडानं किंवा हवेच्या पाइपानं फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं आणि ते फुप्फुसाला घातक आहे. पाण्यानं ओलं करून फडक्यानं पुसा.

ब्रेक ऑइल कमी झालं म्हणून त्यात इंजिन ऑइल, डिझेल किंवा हायड्रॉलिक ऑइल घालणारे मी पाहिले आहेत. तेल ते तेल, असा त्यांचा हिशेब. पण त्यानं आतली सगळी रबरं फुगतात आणि चार दिवसांत ब्रेक अडकून तरी बसतो किंवा पार जातो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून उघडा डबा वर्षभर ठेवून वापरू नका आणि गाडीतलं ऑइल दोन वर्षांनी पूर्ण बदला. पाइप गंजला असेल तर तांब्याचा पाइप डाग देऊन जोडू नका. ब्रेकसाठीचाच नवा पाइप तोंड बसवून आणा.

हवा काढायचं काम दोघांचं आहे. एकानं पॅडलवर बसायचं, दुसऱ्यानं चाकापाशी. मास्टर सिलिंडरपासून जे चाक सर्वांत लांब, तिथून सुरुवात करा आणि जवळच्या चाकाशी संपवा. निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक थोडं ब्रेक ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवा. वरच्यानं पॅडल दाबून धरायचं आणि "धरलं" म्हणायचं. खालच्यानं निपल सैल करायचा, बुडबुडे जाऊ द्यायचे, निपल घट्ट करायचा आणि "सोड" म्हणायचं. हाक न देता पॅडल सोडलं तर हवा पुन्हा आत जाते. मधूनमधून वरची टाकी भरत राहा. बाटलीत आलेलं ऑइल पुन्हा गाडीत घालू नका.

घाट उतरताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करण्याची सवय सोडा. ज्या गिअरनं चढ चढला असता, त्याच गिअरनं उतरा. ड्रम तापला की चांगला ब्रेकही धरेनासा होतो. ओढा ओलांडल्यावर पॅडल हलकं दाबून थोडं अंतर जा, म्हणजे लायनर सुकतात.

स्टिअरिंग

यावर थोडक्यात सांगतो. चाकं समोर ठेवून स्टिअरिंग किती मोकळं फिरतं ते पाहा. मग पुढचं चाक उचलून वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवून पाहा. खडखड आली तर किंगपिन, बेअरिंग किंवा टाय रॉडचं टोक यातलं काहीतरी झिजलं आहे. एकानं स्टिअरिंग हलवायचं आणि दुसऱ्यानं हात लावून कुठला सांधा ढिला आहे ते शोधायचं. पन्नासच्या वेगाला पुढची चाकं थरथरत असतील तर आधी हे सांधे पाहा, टायर नंतर. टाय रॉड वाकला तर तापवून सरळ करू नका, त्याला वेल्डिंग तर कधीच नको. ग्रीस मात्र घरी भरपूर मारा, दर पंधरा दिवसांनी.

इंजिन

पेट्रोलच्या जुन्या चार सिलिंडरच्या इंजिनाचं काम अजूनही घरी होतं. पॉइंटची फट अर्धा मिलिमीटर, प्लगची फट पाऊण मिलिमीटर, आणि ठिणगीचा क्रम 1-3-4-2. प्लगच्या वायरी काढण्यापूर्वी त्यांना चिकटपट्टीवर नंबर घाला, नाहीतर संध्याकाळ जाते. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, 2025 मध्ये ते प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत पोचलं. उसापासून इथेनॉल बनतं, ते आपल्याच फायद्याचं आहे. पण जुन्या गाडीतली रबरी नळी आणि पेट्रोल पंपाचा पडदा त्यानं लवकर खराब होतो, म्हणून ते नव्या प्रकारचे घालून घ्या. पेट्रोल पंप बिघडला म्हणून बॉनेटखाली पेट्रोलची बाटली टांगून नळीनं कार्ब्युरेटरला देतात. ते पाहिलं की माझ्या अंगावर काटा येतो.

डिझेल इंजिनाला स्वच्छ डिझेल आणि स्वच्छ हवा एवढंच हवं. फिल्टरखालचं पाणी आठवड्याला काढा. नोझल तपासताना फवाऱ्यासमोर हात धरू नका. तो दाब इतका असतो की डिझेल कातडी भेदून आत जातं. वरून टोचल्याएवढी जखम दिसते, पण हात गमवायची वेळ येते. तसं झालंच तर दुखत नाही म्हणून थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

इंजिन तापतं म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकणं हा आपल्याकडचा लाडका इलाज. खरं कारण बहुधा बोअरचं क्षारयुक्त पाणी असतं. रेडिएटर आतून साफ करून घ्या आणि पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं पाणी कूलंटमध्ये मिसळून घाला. पेट्रोलची टाकी गळत असेल तर घरी वेल्डिंग करू नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण आत वाफ कोंडलेली असते. गाडीला इतर कुठंही वेल्डिंग करताना बॅटरीची वायर आधी सोडा.

हौदा, पाटे आणि भार

आता मूळ दुखण्याकडे येतो. जीप दुसऱ्या महायुद्धात, 1941 पासून, अमेरिकी लष्करासाठी बनू लागली तेव्हा लष्करी दप्तरात तिची नोंद 'पाव टनी ट्रक' अशी होती. पाव टन म्हणजे साधारण अडीचशे किलो, आपल्या हिशेबानं कांद्याची पाच पोती. पुढं आपल्या देशात बनलेल्या पिकअप यापेक्षा खूप जास्त वाहतात, पण प्रत्येकीला मर्यादा आहेच. ती आरसीवर लिहिलेली असते. भरलेल्या गाडीचं वजन वजा रिकाम्या गाडीचं वजन, एवढाच हिशेब आहे. समजा तुमच्या आरसीवर भरलेली 2000 आणि रिकामी 1300 किलो आहे. राहिले 700. त्यात ड्रायव्हर आणि सोबतीचा माणूस मिळून 140 धरा. उरले 560, म्हणजे पन्नास किलोची अकरा पोती.

आता हौद्याला अँगल, उंच फाळका, पुढं जाड बंपर, वर कॅरिअर असं दीडशे किलो लोखंड चढवलं, तर तीन पोत्यांची जागा लोखंडानंच खाल्ली. ते लोखंड तुम्ही येता-जाताना, रिकाम्या खेपेलाही, डिझेल जाळून फिरवता. हा तोटा कुणी वहीत मांडत नाही.

पाटे वाढवले की गाडी बसत नाही, म्हणून आपल्याला वाटतं गाडीची ताकद वाढली. वाढली ती फक्त पाट्यांची. एक्सल, बेअरिंग, चॅसिस, टायर आणि ब्रेक जुनेच राहिले. गाडी बसायची तेव्हा ती निदान सांगायची की भार जास्त झाला. आम्ही पाटे वाढवले आणि तिचं ते सांगणं बंद केलं. तुटलेला पाटा मूळ मापाचाच बदला. तो बसवताना यू-बोल्ट नवे घ्या, सेंटर बोल्ट खाचेत नीट बसला की नाही ते पाहा, आणि शे-दोनशे किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळा. सेंटर बोल्ट तुटला की एक्सल सरकतो आणि गाडी तिरपी चालते. मागून येणाऱ्याला ते आधी कळतं, आपल्याला नाही.

मग बदल करूच नयेत का? करा की. हौद्याच्या तळाला पत्र्यावर लाकडी फळ्या घाला, टोमॅटोचे क्रेट सरकत नाहीत. मागं चांगले लाल दिवे आणि चमकपट्ट्या लावा. दोर बांधायला कडा बसवा. रेडिएटरला जाळी लावा, गवताचं बी अडकत नाही. हे सगळं घरी होतं, स्वस्तात होतं.

इंजिन बदलणं, पेट्रोलच्या जागी डिझेल बसवणं, चॅसिस लांबवणं ही कामं वेगळी. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे आरसीवरच्या तपशिलात फरक पडेल असा बदल आरटीओच्या परवानगीशिवाय करता येत नाही. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही मूळ रचना बदलण्याविरुद्ध निकाल दिला. दंड एक वेळ भरता येईल, पण अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला कारण मिळतं. आणि हौद्यात काढणीच्या बायामाणसांना बसवून नेणं थांबवा. माल वाहणाऱ्या गाडीच्या हौद्यातल्या माणसांना विम्याचा आधार नसतो. मजुरांसाठी वेगळी रिक्षा करा. तो खर्च काढणीच्या खर्चातच धरा.

सुटे भाग

पुष्कळ श्रोते विचारतात, जुन्या जीपचे भाग मिळतात का? मिळतात. पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत कुर्ल्याला जुने-नवे दोन्ही भाग मिळतात, आणि तालुक्याच्या गावीही एखादा जुना दुकानदार असतोच. जाताना जुना भाग सोबत न्या. मॉडेलचं नाव सांगून भागणार नाही, कारण पंचवीस वर्षांत तुमच्या गाडीत कुणी काय बसवलंय हे तुम्हालाही ठाऊक नसतं. दरवाजे, बॉनेट, सीट, रिमा, गिअरबॉक्सचं कवच हे भंगारातलं चालेल. ब्रेकची रबरं, शू, पाइप, टाय रॉडची टोकं आणि यू-बोल्ट मात्र नवेच घ्या, आणि त्यांचं बिल जपून ठेवा. मास्टर सिलिंडर आतून घासून पुन्हा वापरता येतो असं दुकानदार सांगेल. आत बोट फिरवून पाहा. नखाला खड्डा लागला तर तो घेऊ नका.

आमची ती गाडी अजून आहे. पाटे मूळचेच आहेत, आणि दादा आता चौदा पोत्यांच्या वर भरत नाहीत. आरसीवर तेवढंच बसतं.